जॉकी धोंडीराम काटकर यांचं मानपत्र

धोंडीराम काटकरांचं मानपत्र जुलैतच पुण्याहून छापून आलं. त्यांनी नक्की काय केलं होतं हे शोधायचं काम माझ्याकडे ऑगस्टमध्ये आलं. आमच्या बर्लिनच्या मराठी मित्रमंडळात हा क्रम कुणालाही खटकला नाही. मानपत्राचा मजकूर ठरलेला असतो, माणूस तेवढा बदलतो, असं आमचे अध्यक्ष यशवंत देवस्थळी यांचं मत आहे. मंडळाचे सभासद बेचाळीस, त्यातले पदाधिकारी एकोणीस. उरलेल्या तेविसांत जर्मन वाचता येणारी, लग्न न झालेली आणि म्हणून रिकामी समजली जाणारी मी एकटी. मी तेव्हा रेल्वेच्या चाकांच्या आवाजावर पीएचडी करत होते, पण तो काही कुणाला उद्योग वाटत नसे.

सगळं सुरू झालं ते २००७च्या गुढीपाडव्याला. प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा, असं ते जेवण. हृषिकेश काटकर नावाचा आमचा एक मेकॅनिकल इंजिनीअर वांग्याची भाजी वाढून घेताना सहज बोलून गेला, की त्याचे पणजोबा १९०७ साली बर्लिनला आले होते आणि इथं जॉकी होते. साधे नाही, अडथळ्यांच्या शर्यतींचे. कुंपणं, मातीचे बांध, पाण्याचे खंदक, सगळ्यांवरून घोडा उडवत चार-चार हजार मीटर धावायचं, असल्या शर्यती.

यशवंतकाकांचा चमचा हवेतच थांबला. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. मागच्याच वर्षी स्टुटगार्टच्या मंडळानं जर्मनीतल्या पहिल्या मराठी मोटार इंजिनीअरचा सत्कार केला होता, आणि तो इंजिनीअर आला होता १९५८ला. तेव्हापासून यशवंतकाकांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. आता एकदम एक्कावन्न वर्षांची आघाडी ताटात येऊन पडली होती.

"आल्झो, तर मग हे शताब्दी वर्ष आहे," ते म्हणाले. "जर्मनीतला पहिला मराठी माणूस बर्लिनचा."

सप्टेंबरात गणपतीनंतरच्या रविवारी कार्यक्रम ठरला. हृषिकेशचे आजोबा, म्हणजे जॉकींचे चिरंजीव वासुदेवराव, एक्क्याऐंशी वर्षांचे, पुण्यात होते. त्यांना बोलावून वडिलांच्या वतीनं शाल, श्रीफळ आणि मानपत्र द्यायचं ठरलं. घराण्यात चालत आलेली माहिती अशी: धोंडीराम फलटणकडचे. पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. एका इंग्रज ट्रेनरनं त्यांना हेरलं आणि जर्मनीत नोकरी लागल्यावर सोबत आणलं. इथं त्यांनी शंभराच्या वर शर्यती जिंकल्या. एका सरदारानं खूश होऊन सोन्याचं घड्याळ दिलं, ते परत येताना बोटीवर चोरीला गेलं. पुरावे बोटीवर चोरीला जाण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे, तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मानपत्रात लिहिलं होतं: "अश्वविद्याविशारद, जर्मनभूमीवर महाराष्ट्राची कीर्तिपताका फडकवणारे, शताधिक शर्यतींचे विजेते." खाली आंब्याची पानं आणि एक घोडा. घोडा टांग्याचा होता, पण छापखान्यात तेवढाच तयार होता म्हणे.

मी शनिवारी शनिवारी वेस्टहाफेनला जुन्या वर्तमानपत्रांच्या वाचनालयात जाऊन बसायला लागले. घोड्यांच्या शर्यतींना वाहिलेली वर्तमानपत्रं त्या काळी बर्लिनमधून निघत. ती सगळी मायक्रोफिल्मवर, आणि तीही जुन्या काटेरी जर्मन लिपीत. पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या शनिवारी सापडले. कार्लशोर्स्टचं मैदान, ऑक्टोबर १९०७, पाचवी शर्यत, जॉकी डी. काटकर. मी त्या शांत खोलीत खुर्चीवरून अर्धी उठले. बाजूचे गृहस्थ दचकले. मग मी पुढची ओळ वाचली: "काटकर दुसऱ्या कुंपणाशी पडला. घोडा सुखरूप."

म्हटलं, पहिलीच शर्यत आहे, होतं असं.

पुढच्या चार शनिवारांत मी १९१४च्या जुलैपर्यंत पोचले. मग महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रजांची प्रजा म्हणून काटकरांना नजरकैदेत टाकलं. तोवरचा त्यांचा हिशेब माझ्या वहीत उतरला होता. एकूण शर्यती त्रेसष्ट. त्यातल्या एकतीस वेळा ते पडले. त्यातल्या चौदा वेळा पुन्हा घोड्यावर चढून त्यांनी शर्यत पूर्ण केली, कारण तेव्हाच्या नियमांत तसं चालत असे. जिंकलेल्या शर्यती शून्य.

हे असं का, तेही हळूहळू कळत गेलं. त्यांचा तो इंग्रज ट्रेनर कच्चे घोडे पहिल्यांदा मैदानात उतरवायचा तेव्हा वर काटकरांना बसवायचा. घोडा बुजतो, कुंपणाशी थांबतो, खंदकात पाय घालतो, ते सगळं काटकरांच्या अंगावर. चार-सहा शर्यतींनंतर घोडा शहाणा झाला, की त्यावर दुसरा जॉकी बसायचा आणि जिंकायचा. असे अकरा घोडे मला मोजता आले. एका बातमीत तर वार्ताहरानं लिहिलं होतं, की हा काळा माणूस पडण्यात वाकबगार आहे. त्याला ती स्तुती वाटली असावी. मला ते वाचून त्या मेलेल्या वार्ताहराला दोन शब्द सुनवावेसे वाटले.

मी कार्यकारिणीला अहवाल दिला. बैठक यशवंतकाकांच्या घरी होती, सुनेत्राकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कांदेपोहे केले होते. त्या मंडळाच्या सांस्कृतिक चिटणीस आणि कायमच्या निवेदिका.

"शून्य म्हणजे?" यशवंतकाकांनी विचारलं.

"शून्य म्हणजे एकही नाही."

"बरं, दुसरा नंबर तरी?"

"नाही. तिसरा दोनदा. त्यात एकदा एकूण तीनच घोडे पोचले होते."

"तिसरा म्हणजे ब्राँझ की हो," सुनेत्राकाकू म्हणाल्या.

"आणि ते अकरा घोडे?" यशवंतकाका सावरून बसले. "शिकवले कुणी? काटकरांनी. मग ते विजय कुणाचे? आपण सविस्तर सांगायचंच कशाला. अकरा विजयांचे शिल्पकार म्हणू."

"मानपत्रात शताधिक छापलंय," मी म्हटलं.

यावर पाच मिनिटं चर्चा झाली. नवं मानपत्र छापायला वेळ नव्हता. आहे त्यात दुरुस्ती करावी तर ते काचेच्या चौकटीत बसवून आलं होतं आणि मागचा पुठ्ठा काढला, की जरीची किनार सुटणार होती. शिवाय दूतावासातले एक साहेब येणार होते. शेवटी असं ठरलं, की माझं संशोधन फार मोलाचं आहे आणि ते स्मरणिकेत पुढच्या वर्षी छापावं. मी पोह्यांची दुसरी बशी वाढून घेतली. चिडले, की मी खाते.

हृषिकेशही बैठकीला होता. नंतर तो मला यू-बानच्या स्टेशनपर्यंत सोडायला आला.

"लतिका, मंडळाचं जाऊ दे," तो म्हणाला. "पण प्लीज, आजोबांना सांगू नकोस. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं एकाच टेबलावर काढली त्यांनी. बढती नाही, काही नाही. माझी आजी गेली, आई-बाबा आपापल्या नादात. त्यांच्याकडे चारचौघांत सांगण्यासारखं हे एवढंच आहे. माझे वडील जर्मनीत जॉकी होते, शंभर शर्यती जिंकल्या. सोसायटीतल्या वॉचमनलासुद्धा पाठ आहे."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"नाही विचारणार."

मी हो म्हटलं. मला त्याच्या आजोबांची दया आली आणि स्वतःचा राग. सहा शनिवार मी काय करत होते, हेच मला कळेना.

वासुदेवराव कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी आले. लहानखुरे, नीटनेटके, सप्टेंबरच्या उन्हातही माकडटोपी. त्यांना वडिलांचं मैदान पाहायचं होतं. शनिवारी सकाळी हृषिकेशला सभागृहाची किल्ली घ्यायला जायचं होतं. ज्याची सही अर्जावर, त्यालाच इमारत सांभाळणारा हाऊसमायस्टर किल्ली देणार, तीही नऊ ते अकराच्या दरम्यान आणि कचऱ्याचे तीन डबे वेगवेगळे वापरण्याबद्दल व्याख्यान ऐकल्यावर. तेव्हा आजोबांना कार्लशोर्स्टला न्यायचं माझ्यावर आलं. हृषिकेशनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

एस-बानमध्ये ते प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्यानं वाचत होते. मैदानावर पोचलो तर तिथं आता दुडक्या चालीच्या घोड्यांचा सराव चालला होता, मागे दोन चाकांची हलकी गाडी आणि त्यात बसलेला माणूस. कुंपण नाही, बांध नाही. आजोबा कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिले.

"उड्या कुठे मारायचे?" त्यांनी विचारलं.

"आता नाही मारत, आजोबा. त्या शर्यती बंद झाल्या इथल्या."

"खंदक बुजवले असतील."

"असतील."

ते बाकावर बसले. टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यशवंतराव म्हणत होते, तू सगळे जुने पेपर वाचलेस. किती सापडल्या?"

मी म्हटलं, "त्रेसष्ट."

"त्रेसष्ट जिंकल्या?"

आता खोटं बोलायला माझ्याकडे एक क्षण होता. मला वाटतं, हृषिकेशसारख्या मुलाला तो पुरला असता.

"त्रेसष्ट धावले," मी म्हटलं. "जिंकली एकही नाही, आजोबा."

त्यांनी ओरडावं, रडावं, निदान मला खोटं ठरवावं, असं मला वाटत होतं. त्यांनी खिशातल्या टोपीची घडी पुन्हा नीट केली. मीच घाईघाईनं अकरा घोड्यांचं सांगायला लागले, कसे ते शिकवायचे आणि दुसरे जिंकायचे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"एकही नाही. पक्कं?"

"पक्कं."

"मला वाटलं होतं, एखादी तरी असेल," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. १९३७ साली ते पाचवीत होते. वडील तेव्हा पुन्हा रेसकोर्सवर मोतद्दारच होते, कमरेतून वाकलेले, एक पाय ओढत चालायचे. वासुदेवचा डबा द्यायला शाळेत आले, की पोरं त्यांच्या मागे तसंच लंगडत चालायची. एके दिवशी वासुदेवला राहवलं नाही. त्यानं सांगितलं, हे जर्मनीत जॉकी होते, शंभर शर्यती जिंकल्यात, सोन्याचं घड्याळ मिळालंय. जॉकी होते एवढं त्याला आईनं सांगितलं होतं. बाकीचं तिथल्या तिथं सुचलं.

"मास्तरांपर्यंत गेलं ते," आजोबा म्हणाले. "मास्तर हौशी. त्यांनी वडिलांना शाळेत बोलावून हारच घातला. सगळ्या वर्गांना पटांगणात बसवलं. मास्तरांनी विचारलं, किती शर्यती जिंकलात? वडिलांनी माझ्याकडे एकदा बघितलं. म्हणाले, मोजल्या नाहीत."

"आणि घरी आल्यावर?"

"काही नाही. दुसऱ्या दिवशी तो हार तबेल्यात एका घोडीच्या गळ्यात होता. मग त्यांना लोक विचारत राहिले, ते मोजल्या नाहीत म्हणत राहिले. वारले १९५१ला. नंतर मी सांगत राहिलो. इतकी वर्षं सांगितलं, की मलाच वाटायला लागलं, शंभर नसतील, पण दहा-पाच असतीलच की."

समोरून एक घोडा गाडीसकट गेला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग ते योग्य का अयोग्य हे न कळून काढून घेतला. त्यांनी माझी वही मागितली. मी वाचून दाखवावं म्हणाले. मी सगळ्या त्रेसष्ट शर्यती तारखेनं वाचल्या. ते "पडला, पुन्हा चढला" असं आलं, की बोटांनी मोजत होते.

रविवारी सभागृहात ऐंशी-नव्वद लोक होते. दूतावासातले साहेब आले आणि त्यांना दुसरीकडे जायचं असल्यानं त्यांचं भाषण पहिलं झालं. त्यांनी काटकरांना हॉकीपटू म्हटलं. कुणी हसलं नाही, कारण मागच्या बाजूला बटाटेवड्यांचा वास सुटला होता आणि निम्मं लक्ष तिकडे होतं. मग सुनेत्राकाकूंनी मानपत्र वाचलं. त्यांचा आवाज चांगला आहे. "शताधिक शर्यतींचे विजेते" या शब्दांवर त्यांनी असा काही दम घेतला, की लोकांनी वाचन थांबवून टाळ्या वाजवल्या. हृषिकेश माझ्या शेजारी बसला होता. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. आजोबांनीच सांगू नकोस म्हटलं होतं.

शाल झाली, श्रीफळ झालं. एशिया शॉपमधला तो नारळ इतका मोठा होता, की वासुदेवरावांनी तो खुर्चीवर ठेवला आणि मग माईक हातात घेतला.

"माझ्या वडिलांनी एकही शर्यत जिंकली नाही," ते म्हणाले.

सभागृहात हलकंसं हसू उमटलं. छान सुरुवात, असं ते हसू होतं.

"त्रेसष्ट शर्यतींत धावले. एकतीस वेळा पडले. या मुलीनं शोधून काढलंय. शंभर जिंकल्या ही थाप मी मारली होती, पाचवीत असताना."

आता टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळ्यांना पदर लावत शेजारणीला म्हणाल्या, "किती साधी माणसं होती गं."

यशवंतकाका लगबगीनं पुढे आले आणि दुसरा माईक घेतला. "मंडळी, हाच तो विनय. शंभर शर्यती जिंकूनही घराण्यात अहंकाराचा स्पर्श नाही. आमच्या पिढीनं हे शिकायला हवं."

"विनय नाही हो," आजोबा म्हणाले. "शून्य आहे. पेपरात छापलंय."

यावर लोक उभेच राहिले. उभं राहून टाळ्या वाजवायच्या असतात, हे आम्ही जर्मनांकडून शिकलो आहोत. एक तरुण इंजिनीअर ओरडला, "गेनाऊ, अगदी बरोबर, आजोबा." मी उठले आणि मोठ्यानं म्हणाले, की ते खरं सांगताहेत, माझ्याकडे तारखा आहेत. माझ्या मागच्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुझंही कौतुक आहे, लतिका. एवढं संशोधन केलंस." आजोबांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी टाळ्या वाढल्या. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी कुणाच्या तरी डोक्यात तो नारळ घालावा असंही वाटलं. शेवटी सुनेत्राकाकूंनी जाहीर केलं, की क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड फ्रीजबाहेर काढलेलं आहे, तरी सर्वांनी जेवायला यावं. तेवढं एक वाक्य सभागृहानं जसंच्या तसं समजून घेतलं.

लोक मागे गेले. वासुदेवराव स्टेजच्या पायरीवर बसले, अंगावर शाल, मांडीवर मानपत्र. हृषिकेश त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला आता सगळं कळलं होतं.

"आजोबा, खरंच पाचवीत असताना?" त्यानं विचारलं.

"हो रे. पोरं हसत होती त्यांना."

"मग ते तुम्हाला रागावले कसे नाहीत?"

 आजोबा काचेआडच्या घोड्यावरून अंगठा फिरवत होते. सुनेत्राकाकू दोन वाट्या श्रीखंड घेऊन आल्या, त्यांचा चेहरा बघून वाट्या माझ्या हातात दिल्या आणि पाऊल न वाजवता परत गेल्या. माझ्या मनात त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच काही बरं आलं.

"चौदा वर्षं मी त्यांना विचारू शकलो असतो," वासुदेवराव म्हणाले. "त्या हारानंतर चौदा वर्षं ते होते घरात. रोज रात्री आई त्यांच्या कमरेला तेल चोळायची. मी शेजारी बसून अभ्यास करायचो. मला भीती वाटायची, आपण तोंड उघडलं तर ते म्हणतील, तू खोटं का बोललास. म्हणून मी कधी बोललोच नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. हृषिकेश खाली जमिनीवर बसला.

"एकतीस वेळा पडले ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"लागलं का म्हणून एकदाही विचारलं नाही मी त्यांना," ते म्हणाले, आणि तोंडावरून शाल ओढून घेतली.